पायांवर घेतलेलं बाळ

बाळाच्या डाव्या टाचेवर सुईच्या टोचण्यांचे ठिपके होते. आजचे लाल, कालचे तपकिरी, परवाचे पिवळट पडलेले. टाच एवढीशी, की रक्ताचा नवा थेंब काढायला नर्सला आता जागा शोधावी लागत होती. उत्तरा मगदूम काचेच्या पेटीपाशी उभी राहून त्या ठिपक्यांकडे बघत होती. नातवाच्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य तिला अजून झालं नव्हतं.

न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन, दुपट्यात घट्ट बांधून निजवलेलं बाळ त्या दिवशी दूध प्यायला उठलंच नाही. चैत्रालीनं, उत्तराच्या लेकीनं, त्याला उचललं तेव्हा त्याचं अंग घामानं गार पडलं होतं आणि एक हात आपोआप झटके देत होता. दोघींनी त्याला सांगलीहून मिरजेला रुग्णालयात आणलं. तिथं साखर मोजली तर यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. पडद्यावर फक्त ‘फार कमी’ असं उमटलं.

तरुण डॉक्टरीणबाई उत्तराला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काकू, एक विचारू? घरात इन्सुलिन कोण घेतं?”

“कोणीच नाही.”

“बाळाच्या रक्तात भरपूर इन्सुलिन सापडलंय. आणि ते त्याच्या शरीरानं केलेलं नाही. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत आणखी एक तुकडा रक्तात सुटतो. तो जवळजवळ नाहीच. म्हणजे हे बाहेरून आलंय. कोणीतरी दिलंय, किंवा कुठूनतरी लागलंय. मला पोलिसांना कळवावं लागेल.”

उत्तराला ते समजावून सांगायची गरज नव्हती. घरात इन्सुलिन घेणारं कोणी नव्हतं, पण रोज सकाळी घरात येणारं एक माणूस होतं. ते इन्सुलिन त्या माणसाच्या हातात उत्तरानंच ठेवलं होतं.

ती कुपवाडच्या नीलधारा फार्मा कंपनीत क्रीम आणि मलमं बनवणाऱ्या विभागाची प्रमुख होती. ‘सहजा’ हे इन्सुलिनचं क्रीम म्हणजे तिच्या उभ्या नोकरीचं काम. गेल्या वर्षी ते बाजारात आलं आणि पाहता पाहता इन्सुलिनच्या सुया औषधांच्या दुकानात मागच्या फडताळात जाऊन पडल्या. एसटी स्थानकापासून देवळापर्यंत सगळीकडे एकच जाहिरात होती: ‘सुईला सुट्टी!’

माणसाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. विटांवर विटा, आणि मध्ये चरबीचा चुना. ही भिंत पाणी अडवते, जंतू अडवते आणि मोठे रेणूही अडवते. त्या भिंतीच्या मानानं इन्सुलिनचा रेणू म्हणजे हत्ती. म्हणून शंभराहून जास्त वर्षं त्याला सुईच्या वाटेनंच आत जावं लागलं. उत्तरानं भिंतीला भोक पाडलं नाही. तिनं हत्तीला चुन्याचाच अंगरखा घातला. इन्सुलिनभोवती त्वचेतल्यासारख्याच चरबीचे अतिसूक्ष्म कोष गुंडाळले आणि ते क्रीममध्ये मिसळले. क्रीम म्हणजे तरी काय, तेल आणि पाणी यांचा संसार. दोघांचं मुळात पटत नाही, समजूत घालायला तिसरा लागतो. क्रीम अंगावर चोळलं की पाणी उडून जातं, तिसऱ्याचं काही चालेनासं होतं, संसार मोडतो आणि मोकळे झालेले कोष चुन्यात उतरतात. तिथं ते दिवसभर साठून राहतात आणि थोडं थोडं इन्सुलिन खाली सोडत राहतात.

हे क्रीम लावायचं कुठं, यावर उत्तरा कितीतरी दिवस अडून बसली होती. ज्या परदेशी कंपनीकडून कोषांचं तंत्र विकत घेतलं होतं, तिनं हाताचा पुढचा भाग सुचवला होता. उत्तरा म्हणाली, छे. आमच्याकडे बायका परातीत भाकरीचं पीठ मळतात, मनगटापर्यंत हात पिठात असतात, पाचही बोटांनी भात कालवतात. हात नको. पाय घ्या. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. पाय झाकलेले असतात, अन्नाला लागत नाहीत. त्या बैठकीत तिचं फार कौतुक झालं होतं. मग क्रीम लावणारे हात साबणानं धुतल्यावर काही उरतं का, ते तपासलं. चादरीला लागतं का, कपड्यांना लागतं का, तेही तपासलं. काही उरत नव्हतं, कशाला लागत नव्हतं. चाचण्यांची ती पद्धतही त्याच परदेशी कंपनीकडून आली होती.

आता एकच अर्थ निघत होता. बाळाला रोज न्हाऊ घालायला येणाऱ्या मालनमावशीनं हात धुतले नव्हते.

मालन लोंढे रुग्णालयाच्या जिन्यात भेटली. साठी ओलांडलेली, काटक, तोंडानं तिखट. सांगलीतल्या निम्म्या घरांतली बाळं तिनं न्हाऊ घातली होती. चैत्रालीलाही तिनंच घातलं होतं. गेल्या वर्षी तिची साखर वाढली आणि सुईच्या भीतीनं ती औषधच टाळायला लागली, तेव्हा उत्तरानं ‘सहजा’च्या ट्यूब आणून दिल्या, कशा लावायच्या ते शिकवलं.

“कसं हाय पोरगं?” मालननं विचारलं.

“मावशी, खरं सांगा. पायांना क्रीम लावल्यावर हात साबणानं धुत होता का?”

मालनचा आवाज चढला. “आँ? म्या हात धुतलं का? उत्तराबाई, तुमी सांगितलं एकदा धुवा, म्या दोनदा धुतलं. तुमच्या न्हाणीत, तुमच्या साबणानं, तुमच्या लेकीच्या डोळ्यादेखत! माधवनगरच्या घरात बी पोलीस हेच इचारत होते. हात धुतलं का, बाळगुटीत काय घातलं, कुनी पैसं दिलं का. आता तुमी बी?”

“माधवनगरला काय झालं?”

“कळलं न्हाई व्हय तुमाला?” मालन जिन्याच्या पायरीवर बसली. “त्याला बी म्याच न्हाऊ घालत हुते. ते पोरगं गेलं. तुमच्या पोराच्या आदल्या दिशी. निजलं ते उठलंच न्हाई.”

तरी उत्तरा रागावलेलीच राहिली. मालन खोटं बोलते आहे, असंच तिला वाटत होतं. साबणाच्या चाचणीचे आकडे तिनं स्वतः काढले होते. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. जिना उतरताना तिला वाटलं, हिला ट्यूब दिल्या तिथंच चुकलं. अडाणी माणसाच्या हाती असलं औषध द्यायला नको होतं.

चैत्रालीनं त्याच दिवशी मालनविरुद्ध तक्रार दिली. माधवनगरच्या कुटुंबानं आधीच दिली होती. पोलिसांनी मालनचं बाळगुटीचं गाठोडं जप्त केलं, तिला ठाण्यात बसवून ठेवलं, मग जामिनावर सोडलं. तिला दारात उभं करायला कुठलंच घर तयार होईना.

बाळ वाचलं. घरी आलं. त्याच्या मेंदूला काही झालं आहे का, ते सहा महिन्यांनी कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याला न्हाऊ घालायला आता मालन नव्हती, म्हणून एका रविवारी सकाळी उत्तरानं पदर खोचला.

“तुला जमेल?” चैत्राली न्हाणीच्या दारातून म्हणाली. “तू तर माझ्या वेळीसुद्धा कधी घातलं नव्हतंस म्हणे. प्रयोगशाळेत असायचीस.”

“बघून बघून येतं. आण इकडे.”

उत्तरा पाटावर बसली. साडी गुडघ्यांच्या वर ओढली, दोन्ही पाय समोर लांब केले, पावलं जुळवली. चैत्रालीनं उघडं बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. डोकं पावलांशी, ढुंगण गुडघ्यांशी. उत्तरानं वाटीतलं कोमट खोबरेल ओंजळीत घेतलं आणि त्याच्या छातीवर चोळायला सुरुवात केली. तेल त्याच्या कुशींवरून ओघळून खाली तिच्या पायांवर उतरलं. त्याची उघडी पाठ तिच्या नडग्यांवर घसरू लागली, पुढे, मागे, पुढे. त्याला उलटं केलं तसं पोट घसरू लागलं. दोघांच्या कातड्यांमध्ये तेलाचा एक ऊन थर होता.

तिचे हात थांबले.

“आई? काय झालं? तेल गरम आहे का?”

“नाही,” उत्तरा म्हणाली. “पाणी घाल. लवकर आटप.”

ऊन पाणी तेलावरून वाहत गेलं. तिला आपल्या दोन पायांकडे बघवेना.

हात, चादर, कपडे, अन्न. सगळं तपासलं होतं. ज्यांनी ती पद्धत लिहिली ते लोक बाळांना टबात अंघोळ घालतात. पण कुपवाडच्या त्या खोलीत टबवाले कोणी नव्हते. तिथला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी पायांवर तेल चोळून घेऊन मोठा झाला होता. उत्तरासुद्धा. भाकरीच्या पिठाची आठवण तिला झाली होती, आणि बाळाची झाली नव्हती.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. उत्तरानं डब्यातला गूळ समोर काढून ठेवला, कारण ती मधुमेही नव्हती आणि आता जे करणार होती त्यानं तिचीच साखर उतरणार होती. दोन्ही नडग्यांना ‘सहजा’ लावलं, नेहमीचा डोस. मुरू दिलं. मग बाळाएवढ्या दोन रबरी पिशव्यांत कोमट पाणी भरलं आणि त्यांच्यावर प्रयोगाची पातळ कृत्रिम त्वचा ताणून बसवली. डावा पाय साबणानं धुतला, पुसला आणि त्यावर पहिली पिशवी ठेवून नुसती घासली. उजवा पायही तसाच धुतला, पण त्यावर दुसरी पिशवी ठेवताना कोमट तेल ओतलं. मालन जेवढा वेळ चोळायची तेवढा वेळ ती चोळत राहिली. मध्येच हात थरथरायला लागले तसा गुळाचा खडा तोंडात टाकला.

पहिल्या पिशवीच्या त्वचेवर काहीच सापडलं नाही. दुसरीवर इन्सुलिन होतं.

साबण-पाणी वरवरचं क्रीम काढतं. चुन्यात उतरलेल्या कोषांना ते हातही लावू शकत नाही. पण चरबी तेलात विरघळते, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. कोमट तेल चोळलं की चुना मऊ होतो, दिवसभरासाठी साठलेले कोष वर येतात, तेलात उतरतात आणि समोर जी कातडी असेल तिच्यात शिरतात. बाळाची भिंत पातळ, विटा कोवळ्या. जे निघालं ते मोठ्या माणसाच्या डोसाच्या हिशेबात नगण्य होतं. तीन किलोच्या जिवाला ते पुरेसं होतं.

मग तिला आठवलं. दोन-तीन महिन्यांपूर्वी मालन कुरकुरली होती, “तुमचं क्रीम चार घरं केली की टिकत न्हाई बगा. ज्या दिशी काम जास्त, त्या दिशी ही मनगटावरची पट्टी साखर वर दाखवती.” उत्तरा हसून म्हणाली होती, “खाण्यात काहीतरी आलं असेल, मावशी.” साखर चढत होती, कारण मालनचं औषध तिच्या पायांतून निघून लोकांच्या बाळांच्या अंगात जात होतं.

पण सगळ्यात भयंकर विचार तिला घरी परतताना सुचला, आणि त्यानंतर ती गाडी रस्त्याकडेला लावून कितीतरी वेळ बसून राहिली. मालनसारख्या बायका थोड्याच. पण बाळाला पायांवर घेतं कोण? आजी. आणि मधुमेह होतो कोणाला? त्याच वयाच्या बायकांना. राज्यातल्या कितीतरी आज्या सकाळी उठून पायांना ‘सहजा’ लावत होत्या आणि मग नातवंडाला न्हाऊ घालायला बसत होत्या. आजवर किती बाळं अशी निजली आणि कोणी त्यांची साखर मोजलीच नाही, कोण जाणे.

डॉ. विश्वजित नाडगौडा नीलधाराचे प्रमुख होते. त्यांनी निष्कर्ष दोनदा वाचले. मूर्ख माणूस नव्हता तो. चेहरा उतरला त्यांचा.

“अजून कोणाला सांगितलंत?”

“नाही. तुम्हाला पहिलं. सर, सगळा माल परत मागवायला हवा. आजच.”

“उत्तरा, बसा जरा.” त्यांनी दार लावलं. “माझ्या वडिलांचा पाय कापला होता. का, तर सुई नको म्हणून साखरेकडे दुर्लक्ष. आज लाखो माणसं या क्रीममुळे औषध घेताहेत. शाळेतली पोरं घेताहेत, जी डबा खायच्या आधी संडासात जाऊन स्वतःला टोचायची. उद्या तुम्ही ‘सहजा बाळांना मारतं’ असं म्हणालात, तर यातला एकही माणूस पुन्हा हात लावणार नाही. सुईकडेही परत जाणार नाहीत ते. त्यात किती जातील, मोजलेत का?”

“मग इशारा द्या. टीव्हीवर द्या. बाळाला घेऊ नका म्हणून सांगा.”

“देऊ की. पुढच्या छपाईत पत्रकात एक ओळ घालू. ‘क्रीम लावलेल्या भागाचा अर्भकाशी संपर्क टाळावा.’”

“पुढची छपाई म्हणजे हातातला माल संपल्यावर. तोवर?”

नाडगौडांनी निष्कर्षांचे कागद मिटले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माधवनगरच्या प्रकरणात सरकारनं चौकशी समिती नेमलीय. तिच्यासमोर कंपनीच्या वतीनं तांत्रिक निवेदन तुम्हालाच वाचायचंय. साधं आहे. सूचनेप्रमाणे हात धुतले तर औषध दुसऱ्याला लागत नाही. यात खोटं काय आहे? तुमचेच आकडे आहेत.”

“आणि मालन लोंढे?”

“तो पोलिसांचा विषय. त्या बायका बाळगुटीत काय काय उगाळतात ते देवालाच माहीत.” मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणाचीच उत्तराला किळस आली. “शिवाय तिला ट्यूब कोणी दिल्या, हे कोणी अजून विचारलेलं नाही. विचारूही नये, असं मला वाटतं. तुमच्या लेकीनं तर मुळीच नाही.”

ती उठून बाहेर आली. त्याच दिवशी बोलायचं, असं तिनं ठरवलं. मग ठरवलं, चैत्रालीला जरा सावरू दे. मग ठरवलं, प्रयोग आणखी एकदा करू, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको. तो केला. तेच उत्तर आलं. घरी ती पोळ्या लाटत होती, चैत्राली फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “ती म्हातारी ना, हलकट आहे. जेलमध्ये सडली पाहिजे,” आणि उत्तरा पोळी उलटत होती. रोज रात्री तिचा राग उसळून यायचा. नाडगौडांवर, त्या परदेशी पद्धतीवर, स्वतःच्या हुशारीवर. सकाळी ती त्या सगळ्यावर डब्याचं झाकण लावून कामाला जायची.

एका संध्याकाळी मालन दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“चैतू हाय का घरात?”

“झोपलीय. मावशी, आत या.”

“न्हाई येत. शेजारची बघत्यात. म्या एकच इचाराया आले. तुमी शिकलेल्या. ह्ये क्रीम तुमी केलं. मला सांगा, माझ्याकडनं काय झालं? म्या रातभर बसून इचार करते. ह्या हातांनी काय केलं? पन्नास वर्सं पोरं न्हाऊ घातली, एकाचं बी नख दुखलं न्हाई. माझं काय चुकलं त्ये सांगा, म्हंजे म्या गुन्हा कबूल करून मोकळी हुते. वकील बी म्हनतो, कबूल कर.”

शब्द उत्तराच्या ओठांपर्यंत आले होते. आत बाळ कुरकुरलं.

“काही कबूल करू नका,” ती कशीबशी म्हणाली. “थोडं थांबा.”

“थांबा?” मालन कडवट हसली. “तुमचं काय जातंय ओ थांबायला? माझी सून मला माझ्याच नातीला हात लावू देत न्हाई. बसा तुमी थांबून.” आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली.

चौकशीच्या आदल्या दिवशी चैत्राली फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“आई, हे बघ. अकोल्यात एक बाळ. साखर उतरून गेलं. तिथं मालन नव्हती, आई. तिथं कोणी मालिशवाली नव्हतीच. आजी घालत होती अंघोळ. आजीला शुगर आहे म्हणे. तुमचं क्रीम लावते.”

उत्तरानं गॅस बंद केला. हात पदराला पुसले. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेल, नडग्या, चुना, पिशव्या, गूळ. मालनला ट्यूब कोणी दिल्या तेही. तिचा आवाज वर्गात शिकवावा तसा सरळ होता. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हताच.

चैत्रालीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “कधी कळलं तुला?”

“त्या रविवारी. न्हाणीत.”

“त्या रविवारी.” चैत्राली हळू बोलत होती, आणि त्या हळूपणाखाली काहीतरी फाटत होतं. “म्हणजे मी त्या बाईला फोनवर शिव्या घालत होते, आणि तू मला वाढत होतीस. ती दारात आली होती ना परवा? मी जागी होते. तू तिला थांबा म्हणालीस. अकोल्याचं बाळ गेलं तेव्हा तू काय करत होतीस, आई? पुन्हा तपासत होतीस?”

“मला नक्की करायचं—”

“नक्की होतं तुला! तू हात थांबवलास ना न्हाणीत? तिथंच नक्की झालं होतं!” आत बाळ रडायला लागलं, तरी ती हलली नाही. “तू माझ्यासाठी थांबलीस असं मला सांगू नकोस. ते माझ्या गळ्यात घालू नकोस. मी तुला थांब म्हटलं नव्हतं.”

उत्तरा खरंच तेच म्हणणार होती.

“उद्या मी तिथं असेन,” चैत्राली म्हणाली. “तक्रार मागे घ्यायला. तू काय करायचं ते मी सांगणार नाही. एवढी वर्षं सगळ्यांना तूच सांगत आलीस ना, काय कुठं लावायचं ते.”

ती बाळाकडे गेली. त्या रात्री दोघी एका घरात होत्या, पण जेवायला कोणीच बसलं नाही.

चौकशीची खोली लहान होती, पंखे आवाज करत होते. समोरच्या टेबलाशी समितीचे तिघं. अध्यक्ष एक वयस्क, खोकणारे गृहस्थ. एका बाजूला नाडगौडा आणि कंपनीचे वकील. भिंतीशी बाकावर माधवनगरच्या बाळाचे आईवडील. आई एकटक जमिनीकडे बघत होती. दुसऱ्या टोकाला मालन, इस्त्रीच्या लुगड्यात, ओठ घट्ट मिटून. तिच्याशेजारी जागा होती, पण कोणी बसलं नव्हतं. चैत्राली बाळाला खांद्यावर घेऊन आली, सगळ्यांच्या देखत चालत गेली आणि मालनच्या शेजारी बसली. मालननं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवलं. क्षमा एवढी स्वस्त नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, “नीलधारातर्फे डॉ. उत्तरा मगदूम. या. तुमचं तांत्रिक निवेदन वाचा.”

उत्तरा उठली. नाडगौडांनी छापलेला कागद तिच्या हातात दिला. तिनं तो न उघडता टेबलावर पालथा ठेवला.

“यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे,” ती म्हणाली. “आणि यातून निघणारा अर्थ खोटा आहे. म्हणून मी ते वाचणार नाही.”

“मगदूमबाई,” नाडगौडा हलक्या आवाजात म्हणाले, “विचार करा.”

“पुरेसा केला, सर. त्या विचारात अकोल्याचं एक बाळ गेलं.”

माधवनगरच्या आईनं पहिल्यांदाच मान वर केली. उत्तराला तिच्या नजरेला नजर देणं सोपं नव्हतं. तिनं ती दिली.

“ताई,” ती त्या आईला म्हणाली, समितीला नाही. “तुमच्या बाळाला मालनमावशींनी काही पाजलं नाही. त्यांचे हात स्वच्छ होते. औषध त्यांच्या पायांत होतं, आणि पायांना ते लावायला मीच सांगितलं होतं. आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन तेल लावतात, हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे. या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ते तपासलं नाही, आणि कळल्यावर लपवलं.”

“मी हरकत घेतो!” वकील उठले. “या बाई कंपनीच्या परवानगीशिवाय—”

“थांबा हो,” अध्यक्षांनी त्यांना हातानंच बसवलं. त्यांनी चष्मा काढला. “डॉक्टर, शास्त्र आपण नंतर ऐकू, सविस्तर. आधी मला सरळ सांगा. तुम्ही या औषधाच्या जबाबदार तंत्रज्ञ आहात. तुमच्या सहीनं माल दुकानांत जातो, आणि कायद्यानं तुमच्या सहीनं तो परतही येतो. आज तुम्ही इथं नेमकं काय करायला उभ्या आहात?”

उत्तरानं एकदा मालनकडे पाहिलं. मालन तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत राग तसाच होता, तसूभरही कमी झालेला नव्हता. उत्तराला तो योग्य वाटला.

“माझ्या सहीनं दुकानांत गेलेली ‘सहजा’ची प्रत्येक ट्यूब मी या क्षणापासून परत मागवते आहे,” ती म्हणाली. “आणि मालन लोंढेंच्या खटल्यात त्यांच्या बाजूचा पहिला साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा.”